उतू गेलेला पोंगाला

केरळातल्या आट्टुकालच्या देवीच्या उत्सवात आम्ही बायका भररस्त्यात चुली मांडून पोंगाल्याचा गोड भात शिजवतो. मडकं पूर्वेला उतू गेलं की नवस फळतो, दक्षिणेला गेलं की भोग सरलेले नसतात. माझं मेलं दरवर्षी दक्षिणेलाच! शेजारच्या ओमनाचेचीचं, म्हणजे ओमनाताईचं, मात्र हमखास पूर्वेला. यंदाही तेच.

"देवी तुमची सख्खी, माझी सावत्र!" मी जळफळून म्हटलं.

चेचीने मडकं उतरवलं. तशी तिच्या चुलीच्या पश्चिमेकडच्या विटेखाली दडपलेली खापरी उघडी पडली. मडकं पूर्वेला कलावं म्हणून मुद्दाम सारलेली.

ती हळूच म्हणाली, "मला तुझा हेवा वाटतो गं."

"माझा? कशाचा?"


"तुझं दरवर्षी दक्षिणेला जातं, तरी तू येतेस. माझं एकदा जरी दक्षिणेला गेलं असतं, तरी मी पुन्हा आले नसते."