आडोसा

पंच्याऐंशीचा जानेवारी. ॲन आर्बरबाहेरच्या शेतात बर्फ उकरून विनीतानं आणखी एक मेलेला फेझंट पक्षी पोत्यात टाकला. युनिव्हर्सिटीच्या पाहणीत आठवडाभर हेच चाललं होतं.

"थंडीनं गेले बिचारे," शेतमालक म्हणाला.

"थंडी मागच्या वर्षीही एवढीच होती," ती थकल्या आवाजात म्हणाली. "तेव्हा बांधावर उंच गवत होतं. त्यात शिरून बसायचे."

घरी आली तर सासरे कोट घालून हीटरला खेटून बसलेले, शेजारी सासूबाईंची रिकामी खुर्ची. समोरचा आमटीभात गार झालेला. ती थर्मोस्टॅट वाढवायला गेली.

"राहू दे गं," आप्पा म्हणाले. "थंडी मागच्या वर्षीही एवढीच होती. तेव्हा ही होती."