वाटेच्या टोकाचं घर

अर्धांगवायूच्या झटक्यानं सासऱ्यांचा उजवा हात लुळा पडला, आणि वर्षभरानं ते डाव्या हातानं तैलरंगात चित्र काढायला शिकू लागले. शिकवायला येणाऱ्या चित्रकार बाई म्हणाल्या, "आधी एखादं फळ काढू या." पण सासरे हट्टाला पेटले. त्यांना डोंगरातलं गावच काढायचं होतं.

सून रंगाच्या नळ्या पिळून द्यायची, ब्रश धुवायची. आठ महिने हेच चाललं. घरं कलंडायची, डोंगर भरलेल्या पोत्यासारखा दिसायचा. मग सासरे सुरीनं रंग खरवडून पुन्हा सुरुवात करायचे. अखेर एका दुपारी डोंगर डोंगरासारखा उभा राहिला. उतारावर घरं आणि त्यांच्यामधून वर चढणारी वाट. बाईंनीही मान डोलावली.

बाई गेल्यावर सून म्हणाली, "बाबा, छान झालंय. पण तुमचं गाव तर सपाटीवर आहे ना?"

"माझं नाही गं, तुझं आहे. तुला मागणी घालायला आलो होतो, तेव्हा एकदाच पाहिलंय. माझं करता करता दोन वर्षं तुला माहेरी जाता आलं नाही. तुमचं घर मात्र काही केल्या आठवेना. यातलं कुठलं, तेवढं दाखव."

सुनेनं वाटेच्या टोकाशी, मोकळ्या उतारावर बोट ठेवलं. तिथं घरच नव्हतं.

सासऱ्यांनी पुन्हा ब्रश उचलला.

"सांग, खिडक्या किती?"