चुलीची साक्ष

"छावणीत गॅस असताना मातीची चूल का घातलीत?" न्यायाधीशांनी विचारलं.

शांतिसेनेतले जुने स्वयंपाकी, हवालदार शेलार ओशाळले. "गॅसवरच्या भाकरीला चव नसते, साहेब."

हल्ल्याच्या त्या सकाळी फाटकालगतची ती चूल नुकतीच लिंपलेली, ओली होती. हुकमाप्रमाणे शांतिसेनेनं फाटक लावून घेतलं आणि बाहेर अख्खं गाव कापलं गेलं. ओल्या मातीनं ऐकलेलं सगळं धरून ठेवलं. आज न्यायालयात यंत्रानं मातीतले ते आवाज सोडवले, तेव्हा "मी तिथं नव्हतोच" म्हणणाऱ्या, हल्लेखोरांच्या सेनापतीचाच आवाज निघाला: "एकालाही सोडू नका."

त्याला जन्मठेप झाली. गावातून वाचलेली निओरा शेलारांपाशी आली.

"फाटक लावणाऱ्यांत मीही होतो, पोरी."

"ठाऊक आहे, काका. पण त्या चुलीत माझी आईही आहे. बाप्या चूल लिंपतोय म्हणून हसतेय. तिचं हसू तुमच्यामुळं परत मिळालं."

शेलारांनी डोळे पुसले. "हसणारच. चूल वाकडीच झाली होती."