सोबत कोण?

"कल अम्मा को घर ले जाओ," डॉक्टर केतकीला म्हणाले.

"चार दिवस आणखी ठेवून घेता आलं तर बघा ना," ती हिंदीतून म्हणाली. "अजून नीट पाय टेकवत नाहीत त्या."

डॉक्टर हसून पुढच्या खाटेकडे गेले. मागून सिस्टर म्हणाली, "सगी बेटी बी इत्ता नै करती."

केतकीनं मान खाली घातली. खरं सांगायचं तर इंदुताई इतक्यात बऱ्या होऊ नयेत, असंच तिला वाटत होतं. ऐकायला वाईट आहे. पण ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे, त्यानं खुशाल नावं ठेवावीत.

अफझलगंजच्या त्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात पेशंटजवळ एका बाईला राहता येतं. तसं कार्ड मिळतं. ते कार्ड होतं म्हणून केतकीला इंदुताईंच्या खाटेशेजारी चटई टाकून झोपता येत होतं. वर पंखा होता, नळाला पाणी होतं, दाराशी वॉचमन होता. पेशंट घरी गेला की कार्ड परत.

उन्हाळ्यात ती बी.कॉम. झाली. निकाल लागला तसे हॉस्टेलवाल्यांनी हात जोडले. आई लहानपणीच गेलेली. वाढवलं नांदेडच्या मामानं, पण त्यानं आणलेल्या स्थळाला ती नाही म्हणाली तेव्हा "मग आता तुझं तू बघ" म्हणून तो मोकळा झाला. नोकरीचं म्हणाल तर मुलाखती चालू होत्या. नुसत्या चालूच होत्या. मैत्रिणीच्या पीजीत ती चोरासारखी झोपायची आणि दिवसा नल्लकुंट्यात टू-लेटच्या पाट्या बघत हिंडायची. जॉब कुठं? फादरचा नंबर द्या. आम्ही फॅमिलीलाच देतो. एक मराठी बाई भेटल्या. त्यांनी आत बसवलं, चहा दिला, "आपल्यातलीच आहेस गं" म्हणाल्या, आणि कप खाली ठेवल्यावर म्हणाल्या, "पण एकटी मुलगी म्हणजे जबाबदारी. कोण घेणार?" चहा मात्र फक्कड होता.

त्यांच्याकडून निघून ती बसस्टॉपवर आली, तर समोर एक म्हातारी बसच्या पायरीवरून कोसळली. लोक नुसते बघत उभे. केतकीनं तिला ऑटोत घातलं आणि दवाखान्यात आणलं. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "अम्मा के साथ कौन?" केतकीनं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"मैं," ती म्हणाली.

"तू राहतेस कुठं गं?" इंदुताईंनी त्याच संध्याकाळी विचारलं. केतकीला कुणाची कीव नको होती. "नल्लकुंट्याला. खोली आहे माझी," ती म्हणाली. मग ती थाप निभावणं आलं. मुलाखतीला जायचं असलं की म्हणायची, "मावशी, जरा खोलीवर जाऊन येते."

इंदुताई बरकतपुऱ्याच्या. तिथल्या घराबद्दल बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. मागं पेरूचं झाड, ऐसपैस स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, त्या नुसत्या धूळ खात पडलेल्या. मुलं पुण्याला गेली, आयटीत. भेटायला कधी कोणी फिरकलं नाही. केतकीनंही कधी विचारलं नाही. दुखऱ्या जागी बोट कशाला लावायचं?

पण वरच्या त्या दोन खोल्या काही तिच्या डोक्यातून जाईनात. ती इंदुताईंची वेणी घालायची, भांडं द्यायची, अंग पुसायची, वॉकर धरून दारापर्यंत चालवून आणायची. इंदुताई आपल्यातला अर्धा ब्रेड तिच्यासाठी ठेवायच्या, आणि ती दमून आली की "पड जरा" म्हणून स्वतःची उशी द्यायच्या. यात माया किती आणि स्वार्थ किती, हे केतकीला आताशा कळेनासं झालं होतं. एवढं करून उद्या विचारलं, तर मावशी नाही म्हणणार नाहीत. एक खोली पुरे. धूळ तीच झाडेल.

दुसऱ्या दिवशी कार्ड परत गेलं. केतकीनं इंदुताईंना आधार देऊन ऑटोत बसवलं, वॉकर घडी करून पायाशी ठेवला आणि शेजारी बसली. आता विचारायचं. रात्रभर घोकलेलं वाक्य तिनं मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

"किधर जाना अम्मा?" ऑटोवाल्यानं विचारलं.

केतकी इंदुताईंकडे बघत राहिली. इंदुताई केतकीकडे.

"सांग की त्याला," इंदुताई म्हणाल्या.

"मी? बरकतपुऱ्यात नेमकं कुठं, ते मला काय ठाऊक, मावशी?"

"बरकतपुऱ्याला आता कशाला?" इंदुताईंनी पदरानं तोंड पुसलं. "ते घर माझं नव्हे गं. मी तिथं स्वयंपाकाला होते, जन्मभर. मालकांच्या मुलांनी विकलं ते. किल्ली देऊन खोली शोधायला निघाले आणि त्याच दिवशी पडले. एकट्या म्हातारीला कोण देणार खोली, या घोरानं हाडापेक्षा जास्त दुखत होतं बघ. तू म्हणालीस तुझी खोली आहे, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला."

ऑटोवाल्यानं हॉर्न दाबला. मागं ॲम्ब्युलन्स थांबली होती.

इंदुताईंनी केतकीचा हात हातात घेतला.

"तळमजल्यावरच आहे ना गं तुझी खोली? या पायानं जिना नाही व्हायचा मला."