नेपल्सच्या पाच रात्री

नऊ महिन्यांनी बोटीवरून परतलेला खलाशी गुणाजी, घाटकोपरच्या चाळीत शेजाऱ्यांना इटलीतल्या नेपल्स बंदराच्या गोष्टी रंगवून सांगत होता. पाच रात्री, एकाच गल्लीत अकरा बार आणि पहाटेपर्यंत नाचगाणं.

"वहिनी, ऐकताय ना? नवरा गेला तुमच्या हातचा," धोंडिराम म्हणाला.

जानकीने चहाचे कप आदळले. "पुन्हा त्या बारची पायरी चढलात, तर या घराची चढू नका. सांगून ठेवते."

हशा पिकला. गुणाजीची छाती वीतभर फुगली.

मंडळी पांगली, गुणाजी अंघोळीला गेला, तशी दहा वर्षांची मीरा आईजवळ सरकली. "आई, पण नेपल्सहून तर बाबांची रोज एक अशी पाच पत्रं आली होती ना? प्रत्येकात लिहिलंय, 'सगळे गावात उतरलेत, मी एकटाच पहाऱ्याला बोटीवर.' आणि खाली माझ्यासाठी दहा-दहा गणितं."

"ठाऊक आहे गं," कप विसळत जानकी म्हणाली. "म्हणून तर निदान इथे तरी त्यांना बोटीवरून उतरू दे."