डाव्या स्पीकरची खरखर

"विकताना तुम्हीच म्हणालात, डावा स्पीकर खरखरतो म्हणून!" स्पीकर विकत घेतलेले गृहस्थ गालातल्या गालात हसले.

त्या खरखरीला वैतागून मुकुंदने विकलेले लाडके स्पीकर या परक्या दिवाणखान्यात खणखणीत वाजत होते. शेवटी दुप्पट भाव देऊन, टेम्पो करून त्याने ते परत आणले.

घरी रेकॉर्ड लावली, तबला सुरू झाला आणि डावीकडून तीच खरखर! त्याने कपाळावर हात मारून घेतला.

बायको स्वयंपाकघरातून आली आणि डाव्या स्पीकरमागच्या भिंतीवरची आपल्या वडिलांची तसबीर तिने दाबून धरली. खरखर थांबली. हात काढला, पुन्हा सुरू.

"बाबांना मेलं गाणंबजावणं कधी सोसलंच नाही," ती म्हणाली.

हयातभर सासरेबुवा "आवाज कमी करा" म्हणून ओरडले आणि जावयाने मुकाट बटण फिरवलं. आज मात्र त्याने भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा कापून तसबिरीमागे कोंबला, हार सरळ केला, हात जोडले आणि आवाज वाढवला.

सासरेबुवांनी पहिल्यांदाच निमूट ऐकून घेतलं.