थोपटल्याशिवाय

चिलखती गाडी चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. गाडीच्या पोटात एकेक जवान चढतो, आणि शेवटचा आत आला की पत्र्यावर दोनदा थोपटतो. थप. थप. त्याशिवाय गाडी जागची हलत नाही.

सुट्टीवर आलेल्या थोरल्याची ही खोड घरच्या गाडीतही सुटेना. सगळे मागे बसले, इंजिन सुरू झालं, तरी गाडी दारातच.

"अहो, मुहूर्त बघताय का?" बायकोने विचारलं.

"मागून कुणी थोपटलं नाही अजून."

सगळे खो-खो हसले. आईने मात्र दार दोनदा थोपटलं. थप. थप. गाडी निघाली. मग महिनाभर, बाजार असो की दवाखाना, ते काम आईकडेच लागलं.

आज सुट्टी संपली. ट्रंक चढली. गाडी परत आणायला धाकटा भाऊ शेजारी बसला. थोरल्याने इंजिन सुरू केलं आणि सवयीने थांबला. आई मागच्या दाराशीच उभी होती.

"आई, थोपटा ना," बायको हळूच म्हणाली. "यांची ट्रेन चुकेल."

आईने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"सकाळपासून हात दुखतायत गं माझे."